पथ्य एकाचं, चूल सगळ्यांची

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात सगळ्यांत वर गोवा होता, २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह. सगळ्यांत खाली उत्तर प्रदेश, ४.८ टक्के. एवढंच वाचून उत्तर प्रदेशातल्या माणसानं निर्धास्त व्हावं असं वाटेल. पण त्याच पाहणीत पुढची गोष्ट होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसं तिथे मधुमेह्यांच्या जवळपास चौपट निघाली. म्हणजे गोव्यात जे होऊन गेलंय ते उत्तर प्रदेशात व्हायचंय. आणि ते लखनौ-कानपूरच्या मोठ्या इस्पितळांत ठरणार नाही, चिरगाँवसारख्या कसब्यातल्या स्वयंपाकघरांत ठरेल.

चिरगाँव झाशीहून कानपूरच्या रस्त्यावर, साधारण ३० किलोमीटरवर. हिंदी साहित्यात ते मैथिलीशरण गुप्तांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला बुंदेलखंडाच्या या पट्ट्याची ओळख झाशीमुळे. छत्रसालानं बाजीरावाला दिलेल्या मुलखातून इथे मराठी घरं आली, झाशीचे सुभेदार नारो शंकर आले, मग नेवाळकर आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या कुटुंबांचे वंशज झाशीत, सागरमध्ये, काल्पीच्या बाजूला अजून आहेत. त्यांच्या घरी पुरणपोळी आणि बुंदेली कढी-बरा एकाच ताटात वाढले जातात.

या मुलखाचं जुनं खाणं आजच्या आहारतज्ज्ञानं लिहून दिल्यासारखं होतं. कोदो, कुटकी, समा ही बारीक धान्यं. ज्वारी ताकात शिजवून केलेली महेरी. गहू-हरभऱ्याच्या मिश्र पिठाची बिर्रा रोटी. निखाऱ्यावर भाजलेल्या गकरिया, म्हणजे आपले गाकर, आणि त्यांच्यासोबत वांग्याचं भरीत. हिवाळ्यात बथुआ आणि हरभऱ्याचा पाला. मोहाच्या फुलांची डुभरी, तीळ घालून कुटलेला लाटा. ते काही समृद्धीचं खाणं नव्हतं. पाऊस बेभरवशाचा, जमीन खडकाळ, त्यातून आलेली ती काटकसर होती, आणि दुष्काळात तेवढंही मिळायचं नाही. म्हणून त्याचे गोडवे गाताना जपून गावेत. ज्याच्या आजीनं पोटाला चिमटा काढून कोदो खाल्ला, त्याला गव्हाची पोळी आणि तळलेली लुचई ही प्रतिष्ठा वाटली तर त्यात गैर काय? पण आता गव्हाच्या जोडीला रिफाइंड तेलाचं पाकीट आलं, चहात साखर वाढली, दुकानाच्या दारात वेफर्सच्या माळा लटकल्या आणि अंगमेहनत कमी झाली. अशा वेळी घरातल्या एखाद्याला डॉक्टर सांगतात, वजन उतरवा, साखर तपासा, तळलेलं बंद करा. तो चिठ्ठी घेऊन घरी येतो आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

आहाराबद्दलचं आपलं बहुतेक लेखन त्या चिठ्ठीवरच थांबतं. काय खावं, किती खावं, कधी खावं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये १७ मार्गदर्शक सूचना काढल्या. निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, साखर-तेल आवरावं, हे सगळं त्यात आहे आणि बरोबरच आहे. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे असा अंदाजही त्यात दिला आहे. पण या सूचना ज्या 'तुम्ही'ला उद्देशून लिहिलेल्या असतात, तो 'तुम्ही' आपल्याकडे फारसा अस्तित्वात नाही. आपल्या घरात एकटा माणूस एकट्यासाठी खरेदी करत नाही, एकट्यासाठी शिजवत नाही, एकटा जेवत नाही. तेलाचा डबा एक असतो. कुकर एक असतो. म्हणून घरच्यांची आणि मित्रांची साथ हा आहारबदलातला पुरवणी मुद्दा नाही, बदल घडेल की नाही ते तिथेच ठरतं.

आधी आपल्या आग्रहाबद्दल. मराठी पंगतीत यजमान हात जोडून फिरतो, वाढपी पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, आणि किती जिलब्या संपवल्या याच्या पैजा एके काळी कौतुकानं सांगितल्या जात. बुंदेलखंडात 'तनक सो तो और लै लो' म्हणत तेच चालतं. नको म्हणणारा पाहुणा भिडस्त समजला जातो, दुसऱ्यांदा नको म्हणणारा आजारी, आणि तिसऱ्यांदा नको म्हणणारा शिष्ट. यजमानाला त्याचा नकार पदार्थाला वाटत नाही, स्वतःला वाटतो. अमेरिकेतले जॉन डी कॅस्ट्रो यांनी १९८० च्या दशकात लोकांकडून जेवणाच्या रोजनिशा लिहून घेतल्या होत्या; चार जणांत बसून घेतलेलं जेवण एकट्यानं घेतलेल्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. तिथे तर आग्रह करणारं कुणी नव्हतं.

लठ्ठपणा मित्रामित्रांत पसरतो, असा निष्कर्ष २००७ साली निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी मांडला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या जुन्या हृदयरोग-अभ्यासातल्या १२,०६७ लोकांची ३२ वर्षांची माहिती त्यांनी चाळली. मित्र लठ्ठ झाला तर माणूस लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, भावंड झालं तर ४० टक्क्यांनी, जोडीदार झाला तर ३७ टक्क्यांनी, आणि शेजारी लठ्ठ झाला तर काहीच फरक पडत नाही, असं त्यांचं गणित होतं. पुढच्याच वर्षी दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीच पद्धत वापरून दाखवलं की या हिशेबानं मुरूम, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्राकडून मित्राला 'लागते'. सारख्या आवडीची माणसं एकत्र येतात, एकाच परिस्थितीत राहतात, हा भाग वेगळा काढणं किती अवघड आहे ते त्यातून कळलं. तेव्हा ५७ टक्क्यांचा आकडा कुणी सभेत फेकला तर त्यावर पटकन विश्वास ठेवू नये. माणूस ज्यांच्यासोबत बसतो त्यांच्यासारखं खातो, एवढं मात्र त्या वादातूनही शिल्लक राहतं.

उलट दिशेचा पुरावा अधिक भक्कम आहे, कारण तो प्रयोगांतून आला आहे. १९९९ मध्ये रेना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात काहींना एकेकटं घेतलं, काहींना आपापल्या मित्रांसह घेतलं आणि त्यांना एकमेकांना साथ कशी द्यायची तेही शिकवलं. एकट्यांपैकी ७६ टक्के लोकांनी कार्यक्रम पुरा केला, मित्रांसह आलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. त्याहून महत्त्वाचा आकडा नंतरचा: उतरवलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवणारे एकट्यांत २४ टक्के होते, साथवाल्यांत ६६ टक्के. वजन उतरवणं तसं सोपं असतं, टिकवताना दमछाक होते. आणि टिकवण्याच्या काळातच चार माणसं उपयोगी पडतात.

मुलांच्या बाबतीत लेनर्ड एपस्टाइन यांचा १९९० मधला दहा वर्षांचा पाठपुरावा अजून वाचण्यासारखा आहे. स्थूल मुलांच्या एका गटात मूल आणि पालक दोघांनाही सवयी बदलायला लावल्या, दुसऱ्यात फक्त मुलाला, तिसऱ्यात कुणा एकावर तसा भर नव्हता. दहा वर्षांनी पहिल्या गटातल्या मुलांचा स्थूलपणा सुरुवातीपेक्षा ७.५ टक्क्यांनी कमी होता, फक्त मुलांवर भर दिलेल्या गटात तो ४.५ टक्क्यांनी वाढला होता, तिसऱ्या गटात १४.३ टक्क्यांनी. ज्या घरात बाबा टीव्हीसमोर फरसाण खात मुलाला काकडी खायला सांगतात, त्या घरात काय होणार हे सांगायला एवढ्या मोठ्या अभ्यासाची गरज नव्हती. पण सांगितलेलं पटत नाही, मोजलेलं पटतं.

जोडीदाराबद्दल २०१८ चा एक अमेरिकी अभ्यास आहे, एमी गोरिन यांचा, १३० जोडप्यांचा. दोघांपैकी एकालाच वजन कमी करण्याच्या उपचारात घेतलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर ज्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं अशा जोडीदारांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांचं वजन ३ टक्के किंवा जास्त उतरलं होतं. घरात येणारी पिशवी बदलली की तिच्यातून सगळेच खातात.

हे सगळं परदेशातलं. आपल्याकडचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा, पुरावा केरळातून आला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या संशोधकांनी कमी वयात हृदयविकार झालेल्या रुग्णांची ७५० कुटुंबं निवडली. रुग्णाच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसांना आणि जोडीदाराला धोका असतोच, कारण वारसा तोच आणि चूलही तीच. निम्म्या कुटुंबांत आरोग्यसेविका ठरावीक काळानं घरी जात राहिल्या. रक्तदाब-साखर तपासणं, आहार, व्यायाम, तंबाखू या सगळ्याबद्दल एका माणसाशी न बोलता अख्ख्या घराशी बोलत राहिल्या. दोन वर्षांनी ठरवलेल्या चार उद्दिष्टांपैकी किमान तीन गाठणारे त्या घरांत ६४ टक्के निघाले, नेहमीच्या उपचारावर असलेल्या घरांत ४६ टक्के. २०२१ मध्ये हे निष्कर्ष आले. केरळातलाच दुसरा प्रयोग, शेजारपाजारच्या लोकांचे गट करून त्यांच्यातल्याच एकाला प्रशिक्षण देऊन गट चालवायला लावण्याचा, तितका यशस्वी झाला नाही: भाज्या-फळांचं खाणं सुधारलं, पण दोन वर्षांत मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. गट चांगला, पण गटातून परतल्यावर घरी कढईत काय आहे, हा प्रश्न उरतोच.

उत्तर प्रदेशाला हा केरळी धडा घेण्याजोगा आहे. आशाताई तिथेही घरोघर जातात, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तपासणी-तक्ता भरतात, कमरेचा घेर विचारतात. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचा ८० च्या वर गेला तर नोंद होते. तक्ता माणसागणिक भरला जातो. त्याच भेटीत घराला दोन प्रश्न विचारता येतील: महिन्याला तेल किती लागतं आणि माणसं किती? आपल्याकडचे डॉक्टर दरडोई महिन्याला अर्धा लिटरचा ठोकताळा सांगतात, म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर आजार कुणाला होणार एवढंच ठरायचं बाकी असतं.

साथ म्हणजे नेमकं काय, यावर जेम्स सॅलिस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक प्रश्नावली बनवली होती. खाणं बदलणाऱ्याला घरच्यांकडून आणि मित्रांकडून काय मिळतं, हे मोजण्यासाठी. तिची खुबी अशी की तिनं प्रोत्साहन आणि खच्चीकरण हे दोन वेगळे रकाने ठेवले, कारण एकच माणूस दोन्ही करू शकतो. 'छान करतेयस हं' म्हणणारी सासूबाईच संध्याकाळी भजी तळून पुढ्यात ठेवते, तेही मायेनं. नवऱ्याला बायकोनं बारीक व्हायला हवं असतं, पण त्याच्या डब्यात भाजीला तेल कमी दिसलं की 'आज मूड नव्हता का?' असं विचारतो. मित्र तर सगळ्यांत बेरकी. 'एका दिवसानं काय होतंय' हे वाक्य मित्रांच्या कट्ट्यावर रोज कुणीतरी कुणालातरी ऐकवत असतं.

याच्या दुसऱ्या टोकाला पहारा असतो. साखर निघाली की घरातला प्रत्येक जण पोलीस होतो. ताटाकडे डोळे, फ्रिजच्या दाराकडे कान. 'बाबा, हे तुम्हाला चालतं का?' हे पाहुण्यांसमोर विचारलं जातं. मानसशास्त्रज्ञांनी फसलेल्या मदतीचा हा प्रकार १९८८ सालीच नोंदवून ठेवला आहे: मदत करणाऱ्याला यश दिसलं नाही की त्याची काळजी हळूहळू रागात बदलते, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो लपवायला लागतो. चोरून खाणारे म्हातारे कोणत्या घरात नाहीत? देवळात जातो म्हणून निघतात आणि हलवायाच्या दुकानापाशी थांबतात. पहाऱ्यानं खाणं कमी होत नाही, फक्त जागा बदलते.

या बाबतीत गांधीजींच्या आत्मकथेतला दक्षिण आफ्रिकेतला प्रसंग फार बोलका आहे. कस्तुरबांचा रक्तस्राव थांबत नव्हता. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितल्या, पुस्तकांतले आधार वाचून दाखवले. कस्तुरबा ऐकेनात. शेवटी त्या म्हणाल्या की सांगितलं तर तुम्हालासुद्धा हे सोडवणार नाही. गांधीजींनी त्या क्षणी दोन्ही पदार्थ एका वर्षासाठी सोडले. कस्तुरबा रडल्या, मी सोडते पण तुम्ही प्रतिज्ञा मागे घ्या म्हणाल्या. त्यांनी घेतली नाही. पुढे बांना बरं वाटलं, पण ते मीठ-डाळी सोडल्यामुळेच की कशामुळे हे सांगता येणार नाही, अशी प्रामाणिक कबुली गांधीजींनीच दिली आहे. आहारशास्त्र म्हणून ही गोष्ट आज कुणी अनुसरू नये. पण व्याख्यानानं जे झालं नाही ते स्वतःच्या ताटातून पदार्थ काढल्यावर झालं, हे खरं. आणि त्यात एक धाकही होता, हेही खरं. बायकोला रडवून मिळवलेली साथ आदर्श मानावी का, यावर वाचक वेगवेगळी मतं देतील. माझं मत आहे की निम्मी मानावी.

आता ज्या माणसाचं नाव या सगळ्या अभ्यासांत फारसं येत नाही तिच्याबद्दल. स्वयंपाक करणारी.

चिरगाँवच्या मैथिलीशरण गुप्तांनी १९३० च्या आसपासच्या काळात दोन काव्यं लिहिली, 'साकेत' आणि 'यशोधरा'. एकात लक्ष्मण भावामागे वनात गेल्यावर अयोध्येत राहिलेली उर्मिला आहे, दुसऱ्यात सिद्धार्थ निघून गेल्यावर मागे राहिलेली यशोधरा. व्रत कुणी घेतलं हे जगाला ठाऊक असतं. त्याची किंमत घरात कोण मोजतं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. आहाराच्या बाबतीत हा प्रकार रोज घडतो. नवरा जाहीर करतो की सोमवारपासून आपण ज्वारीची भाकरी, उकडलेल्या भाज्या आणि कोशिंबीर. त्याचं कौतुक होतं. भाकरी थापायला, कोशिंबीर चिरायला, मुलांसाठी पुन्हा पोळ्या लाटायला आणि सासऱ्यांसाठी मऊ भात लावायला मात्र दुसरीच कुणी सकाळी पाऊण तास लवकर उठते. एका चुलीवर तीन स्वयंपाक शिजू लागले की पथ्य दोन महिन्यांत बारगळतं, आणि 'घरचे साथ देत नाहीत' म्हणून दोष घरच्यांवर येतो.

बाईलाच मधुमेह निघाला तर उलट होतं. पुरुष आजारी पडला की घराचा स्वयंपाक बदलतो. बाई आजारी पडली की ती घराचा स्वयंपाक तसाच ठेवते आणि स्वतःसाठी उरल्यासुरल्यातून काहीतरी निवडते. उत्तरेकडच्या कित्येक घरांत ती अजून सगळ्यांच्या शेवटी जेवते. तेव्हा भाजी संपलेली असते, पोळी-भात उरलेला असतो. तिला 'भाज्या जास्त खा' सांगणं म्हणजे थट्टाच. राजस्थानातल्या बांसवाडा आणि सिरोही जिल्ह्यांत २०१५ च्या सुमारास एका पोषण-प्रकल्पानं आदिवासी कुटुंबांना एक साधी गोष्ट करायला सांगितली: सगळ्यांनी एकत्र बसून जेवा. नवा पदार्थ नाही, गोळी नाही. बायका-मुलांच्या जेवणातली विविधता त्यानं सुधारली. माझ्या मते चिरगाँवच्या, किंवा जालन्याच्या, एखाद्या घराला एकच सल्ला द्यायचा झाला तर तोच द्यावा. एकत्र बसल्यावर भाजी कुणाला पुरली नाही हे सगळ्यांना दिसतं.

महाराष्ट्रात गेल्या दहा वर्षांत साथीचा सगळ्यांत मोठा प्रयोग झाला तो कुठल्याही संशोधन संस्थेनं केला नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेली: कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसात दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा एवढंच, आणि ४५ मिनिटं चालायचं. २०१८ मध्ये राज्य सरकारनं त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. त्याच सुमाराला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं, स्थानिक आणि पारंपरिक खा, तुपाला घाबरू नका असं सांगत होत्या, आणि मराठी घरांत दोन पक्ष पडले. कोण बरोबर, या वादात इथे शिरत नाही. दीक्षितांच्या पद्धतीला नियंत्रित चाचण्यांचा पुरेसा आधार नाही, ही टीका रास्तच होती. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केली तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं, हे पुन्हा सांगायला हवं.

पण त्या मोहिमेनं दोन गोष्टी अचूक ओळखल्या. एक, व्हॉट्सॲपचे गट, जिथे अनुभवी माणूस नवख्याला फुकट उत्तरं देत होता आणि उतरलेल्या वजनाचे आकडे रोज झळकत होते. दुसरी गोष्ट कुणी ठरवून केली नसावी: नकाराला नाव मिळालं. 'मला नको' म्हटलं की आग्रह होतो, 'मी दीक्षित करतोय' म्हटलं की यजमान मागे सरतो. चहाचा कप परत जातो आणि कुणाचा अपमान होत नाही.

हे आपल्याला नवं नव्हतंच. एकादशीला कुणी कुणाला भाताचा आग्रह करतं का? चातुर्मासात घरातल्या एका म्हातारीनं कांदा-लसूण-वांगं सोडलं की कित्येक घरांत सगळ्यांचाच स्वयंपाक चार महिने त्याविना होतो, आणि त्याआधी कांदेनवमीला हौसेनं निरोपही दिला जातो. बुंदेलखंडातल्या वैष्णव घरांत तर बारा महिने तेच. म्हणजे भांडं बदलणं, आग्रह आवरणं, सगळ्यांनी मिळून पाळणं, याची तालीम आपल्या घरांना शतकानुशतकं आहे. देवासाठी जे बिनबोभाट होतं ते आईच्या रक्तदाबासाठी का होत नाही? माझा तर्क असा: व्रताला मुदत असते, उद्यापन असतं, आणि ते एकट्याच्या हौसेचं मानलं जात नाही. आरोग्याचं पथ्य मात्र आपण त्या माणसाचं वैयक्तिक खूळ समजतो. (उपवासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा किती पोटात जातो हा विषय वेगळा, आणि दुखरा.)

म्हणून साथ मागणाऱ्यानंही व्रतासारखी मागावी. 'मला सपोर्ट करा' यातून घरच्यांना काहीच करता येत नाही. 'दिवाळीपर्यंत रात्रीच्या जेवणात तळण नको', 'चहा सगळ्यांचाच अर्ध्या साखरेचा करू', 'फरसाण आणायचं तर छोटं पाकीट आणू, किलोभर नको', 'मला पाहुण्यांसमोर टोकू नका', अशी मागणी ठरावीक आणि मुदतीची असली की ती पाळताही येते आणि मोडली तर दिसतेही. मागणाऱ्यानं त्या बदल्यात काही द्यावं. ज्याला कोशिंबीर हवी त्यानं काकड्या चिराव्यात. ज्याला कमी तेल हवं त्यानं आठवडी बाजारात जाऊन भाजी आणावी, कारण बेचव भाजीचं कारण पुष्कळदा कमी तेल नसतं, शिळी भाजी असते. फोडणी अर्ध्या तेलात केली तर पंधरवड्यात जिभेला सवय होते. एका दिवसात सगळं उकडून वाढलं तर घर बंड करतं. आणि म्हाताऱ्यांशी वाद घालू नये. ते लहानपणी काय खात होते ते त्यांना विचारावं. चिरगाँवच्या आजीला महेरी, बिर्रा आणि बथुआ करता येतात. सून-नातवंडांना ते खायचेत असं कळलं तर आतापर्यंत तळून माया करणारी तीच बाई भाजून, शिजवून माया करेल.

मित्रांसाठी वेगळं. त्यांना आहाराचं ज्ञान देण्यात अर्थ नसतो. भेटायची जागा बदलावी. समोसा-जिलबीच्या टपरीवर रोज सकाळी भेटणाऱ्या चौघांनी भेटणं न सोडता तीच वेळ चालण्यात घालवली, तर मैत्रीही राहते. चौघांतले दोघेही तयार झाले तरी पुरतं. विंग-जेफरींच्या त्या जुन्या प्रयोगातला ६६ टक्क्यांचा आकडा ओळखीच्या माणसांच्या छोट्या गटांतूनच आला होता.

एवढं करूनही काही घरं साथ देत नाहीत. कुठे पैशाची चणचण असते. भाज्या-फळांपेक्षा तेल-साखर-मैदा स्वस्त पडतो आणि त्यानं पोट लवकर भरतं, तिथे घराला दोष देणं अन्याय आहे, रेशनवर डाळ आणि भरडधान्य नियमित मिळण्याची मागणीच तिथे खरी साथ. कुठे दारू असते. कुठे जेवण हेच भांडणाचं हत्यार असतं. अशा ठिकाणी आशाताई, शाळेतल्या बाई, देवळातला भजनी गट, कामावरचे सोबती यांच्यातूनच एखादा आधार शोधावा लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं (सीबीएसई) शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. घरातल्या मोठ्यांना जे सांगून पटत नाही ते पुष्कळदा तिसरीतलं पोर फलक वाचून आल्यावर पटतं.

तेव्हा या लेखाचा वाचक स्वतः पथ्यावर नसेल तर त्याच्याकडे एवढीच मागणी: घरात जो पथ्यावर आहे त्याच्या ताटाकडे बघू नका. या महिन्याच्या किराण्याच्या यादीत तेल आणि साखर किती लिहिली आहे ते बघा, आणि त्यातली एक चतुर्थांश खोडा.